यादीत नसलेला आजार

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये देशपातळीवरच्या एका आरोग्य योजनेचं उद्घाटन झालं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून दीड वर्ष होतं. सोनिया गांधी यांच्या हस्ते सुरू झालेल्या या योजनेचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. मूल आजारी पडून दवाखान्यात येईल तेव्हा बघू, ही सरकारी आरोग्यसेवेची जुनी रीत या योजनेनं मोडली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांकडे आरोग्य पथकानंच जायचं, असं ठरलं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायचं आणि त्यापुढच्यांना शाळेत वर्षातून एकदा. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. हातात ३० व्याधींची यादी.

त्या यादीत दुभंगलेले ओठ आहेत, जन्मतः वाकडे पाऊल आहे, हृदयातलं छिद्र आहे, रक्तक्षय आणि कुपोषण आहे. डोळ्यांपुरतं बोलायचं तर जन्मजात मोतीबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा विकार, अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि दृष्टिदोष आहेत. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग, त्या मूळ यादीत नाही.

याचं कारण समजण्यासारखं आहे. हा आजार पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एखाद्या मुलाला होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात होती. ढोबळ हिशेब केला तर संपूर्ण जिल्ह्यात वर्षाला दोन किंवा तीन मुलं. योजना आखणाऱ्यासमोर हजारो कुपोषित मुलं असताना या तिघांकडे लक्ष जाणं अवघड आहे. तरीही मला ही वगळणूक सलते. फार थोडे कर्करोग इतके उघडपणे दिसतात, आणि दिसूनही फार थोड्यांकडे इतकं दुर्लक्ष होतं.

दिसतं ते असं. डोळ्यातली बाहुली काळी असते, कारण तिच्यामागे अंधार असतो. दृष्टिपटलावर गाठ वाढू लागली की प्रकाश तिच्यावर आपटून परत येतो आणि बाहुली पांढरट चमकते. घरातला दिवा एका विशिष्ट कोनातून पडला की आईला ते दिसतं. क्षणात नाहीसं होतं. ‘मांजरासारखा डोळा चमकतो’, असं ती घरात सांगते. कधी डोळा तिरळा होतो. मूल दोन-तीन वर्षांच्या आतलं, त्यामुळे एका डोळ्यानं दिसत नाही हे सांगणारं कुणी नसतं. दुसऱ्या डोळ्यावर ते खेळतं, धावतं, हसतं. दुखत तर अजिबात नाही.

जव्हार-मोखाड्याकडे याला आणखी एक पदर आहे. मुलाच्या डोळ्यात पांढरं दिसलं की ‘फूल पडलं’ म्हणायची जुनी सवय आहे, आणि तिला कारणही आहे. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं आणि जखमांनी बुबुळावर खरोखर पांढरा डाग पडतो. पण तो डाग वर असतो, कुठल्याही उजेडात, कुठूनही दिसतो. कर्करोगाचा पांढरेपणा बाहुलीच्या आत, खोलवर असतो आणि डोळा हलला की लपतो. हा फरक अंगणवाडी सेविकेला एकदा दाखवला की ती तो आयुष्यभर विसरत नाही.

या आजाराचा युरोपातला इतिहास मोठा आहे. १५९७ मध्ये हॉलंडमधल्या पीटर पॉ यानं एका लहान मुलाच्या डोळ्यातल्या गाठीचं वर्णन लिहून ठेवलं. १८०९ मध्ये एडिंबरोच्या जेम्स वॉर्ड्रॉपनं ही गाठ दृष्टिपटलातच जन्मते हे दाखवलं आणि ती डोळ्याबाहेर जाण्याआधी डोळा काढावा, असं सुचवलं. भूल द्यायचं तंत्र तेव्हा नव्हतं. ईथर यायला आणखी ३७ वर्षं होती. चार-पाच जणांनी धरून ठेवलेल्या तान्ह्या मुलाचा डोळा काढायचा सल्ला देणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पना करवत नाही. पण तो बरोबर होता. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र बनवलं आणि जिवंत माणसाचं दृष्टिपटल पहिल्यांदा डॉक्टरांना नीट दिसलं. नंतर बर्लिनच्या फॉन ग्रेफेनं डोळ्याबरोबर नेत्रतंतूचाही लांब तुकडा कापायची पद्धत आणली, कारण कर्करोग त्याच वाटेनं मेंदूकडे जातो. आजही डोळा काढताना हा नियम पाळतात. रेटिनोब्लास्टोमा हे नाव बोस्टनच्या व्हरहॉफनं १९२२ मध्ये सुचवलं.

आपल्याकडे या मुलांना पत्ता मिळाला तो २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. त्या दिवशी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या होत्या. दोराबजी टाटांच्या नावाच्या न्यासानं त्यानंतर कर्करोगासाठी वेगळं रुग्णालय उभारायचं मनावर घेतलं. डॉ. वसंत खानोलकरांनी तिथली प्रयोगशाळा घडवली. बोईसर, डहाणू, तलासरीच्या लोकांच्या तोंडी तेव्हापासून आजपर्यंत ‘टाटाला नेलंय’ एवढंच असतं. ऐकणारा पुढचं विचारत नाही.

१९५७ मध्ये हे रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. कर्करोगाचं रुग्णालय अणुशक्तीवाल्यांकडे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. होमी भाभांचं गणित सरळ होतं: किरणोपचार आणि किरणोत्सर्गी समस्थानिकं यांच्याशिवाय कर्करोगाचा उपचार पुढे जाणार नाही, आणि ती दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे आहेत. त्याच काळात हा विभाग अरबी समुद्राच्या काठी आणखी एक जागा निवडत होता, ती तारापूर. १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला. भाभा जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले. तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांतून २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली, ती त्यांना पाहायला मिळाली नाही. परळचं रुग्णालय आणि तारापूरचं वीजकेंद्र एकाच खात्यात आले. मला वाटतं, या किनाऱ्यावरच्या मुलांच्या डोळ्यांची कथा या खातेवाटपाशी फार जवळून जोडलेली आहे.

तारापूरला वीज सुरू होऊन दोन वर्षं झाली नव्हती, तेव्हा अमेरिकेत आल्फ्रेड नुडसन नावाच्या बालरोगतज्ज्ञानं एक छोटा लेख प्रसिद्ध केला. १९७१ चा हा लेख आज कर्करोगाच्या इतिहासातला मैलाचा दगड मानतात. नुडसननं कुठलाही नवा प्रयोग केला नव्हता. त्यानं ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या ४८ रेटिनोब्लास्टोमा रुग्णांच्या जुन्या नोंदी काढल्या. कुणाला एका डोळ्यात आजार, कुणाला दोन्ही डोळ्यांत, निदान कितव्या महिन्यात झालं, घरात आणखी कुणाला होता का, एवढंच पाहिलं आणि आलेख काढला. दोन्ही डोळ्यांत आजार असलेल्या मुलांचं निदान फार लवकर, सरळ रेषेत होत होतं. एका डोळ्याच्या मुलांचं उशिरा, वेगळ्या वक्रात. त्यावरून त्यानं अनुमान काढलं: पेशी कर्करोगी होण्यासाठी एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. काही मुलं एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन येतात, म्हणून त्यांना दुसरा एकच धक्का पुरतो. बाकीच्यांना दोन्ही धक्के एकाच पेशीत बसावे लागतात, म्हणून उशीर लागतो. १९८६ मध्ये फ्रेंड, ड्रायजा आणि वाइनबर्ग यांनी ते जनुक प्रत्यक्ष वेगळं केलं. तेराव्या गुणसूत्रावरचं हे जनुक कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी सर्वांत आधी हाती आलेलं. स्तनाच्या, आतड्याच्या, हाडाच्या कर्करोगाबद्दल पुढे जे कळलं, त्याचा पाया या ४८ मुलांच्या तारखांमध्ये आहे.

नोंदी नसत्या तर नुडसनही काही करू शकला नसता, आणि मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. भारतात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर सोसायटीनं ती उभी केली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत. मुंबईच्या नोंदणीत फक्त मुंबईचे रहिवासी मोजतात. शास्त्राच्या दृष्टीनं तेच बरोबर. पण त्यामुळे बोईसरच्या मुलाचा डोळा परळला काढला तर त्याची फाइल परळला असते, आणि मुंबईच्या आकड्यात ते मूल नसतं.

तारापूरमध्ये हा आकडा का हवा, हे तिथल्या कुठल्याही आईला विचारा. एका बाजूला अणुकेंद्र, दुसऱ्या बाजूला तारापूर औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ही वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली होती. मुलाला कर्करोग झाला की पहिला संशय चिमणीवर किंवा समुद्रकाठच्या घुमटावर जातो. या संशयाला उडवून लावणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये सेलाफिल्ड अणुप्रकल्पाशेजारच्या सीस्केल गावात मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग जास्त दिसतो, हे १९८३ मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटानं मांडलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. १९९३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच गावात पूर्वी राहिलेल्या आयांच्या मुलांमधल्या रेटिनोब्लास्टोमाबद्दलही लेख आला. थेट कारण तिथंही सिद्ध झालं नाही. आजवर पर्यावरणातलं कुठलंही एक ठोस कारण या आजाराशी जोडता आलेलं नाही. बहुतेक मुलांमध्ये दृष्टिपटल घडत असताना पेशींच्या विभाजनात ती चूक होते, आणि आईनं गरोदरपणी काय खाल्लं, कुठे राहिली, कुणाची दृष्ट लागली याचा त्याच्याशी संबंध नसतो. हे प्रत्येक आईला स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं, कारण घरात दोष तिच्याच माथी मारला जातो. पण ‘तुमच्याकडे जास्त आहे की नाही’ या तिच्या प्रश्नाचं उत्तर धीर देऊन मिळत नाही, ते मोजूनच मिळतं.

अणुऊर्जा विभागाच्या त्या जुन्या गणिताला फळ आलं, तेही इथं सांगायला हवं. छोटी गाठ असेल तर डोळा न काढता तिच्या पाठीवर, डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या आवरणाला, किरणोत्सर्गी चकती टाके घालून शिवता येते. चकती डोळ्याच्या गोलाईप्रमाणे खोलगट असते आणि कडेला टाक्यांसाठी बारीक भोकं असतात. ती ठरलेला वेळ तिथं ठेवून, मात्रा पुरी झाली की पुन्हा भूल देऊन काढतात. किरणं काही मिलिमीटरच आत जातात, त्यामुळे गाठ जळते आणि उरलेला डोळा वाचतो. लंडनचे स्टॅलार्ड गेल्या शतकाच्या मध्यावर कोबाल्टच्या चकत्या वापरत. भारतात हे साहित्य परदेशातून आणावं लागे. या शतकाच्या सुरुवातीला भाभा अणुसंशोधन केंद्रानं आयोडीन-१२५ चे सूक्ष्म दाणे तयार केले आणि अलीकडे रुथेनियम-१०६ ची चकती. यातलं रुथेनियम वापरलेल्या अणुइंधनाच्या कचऱ्यातून वेगळं केलेलं असतं. ज्या कचऱ्याची तारापूरकरांना धास्ती, त्याच जातीच्या कचऱ्यातून एखाद्या मुलाची दृष्टी वाचवणारी वस्तू तयार होते. धास्ती त्यानं कमी होत नाही, व्हावी असंही मी म्हणणार नाही. पण हा हिशेब तिथल्या लोकांना माहीत असायला हवा.

चकती, लेझर, गोठवण्याचा उपचार, केमोथेरपी, हे सगळं उपयोगी पडतं ते गाठ लहान असताना. उशीर झाला की डोळा काढावा लागतो, आणखी उशीर झाला की जीव जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांची माहिती गोळा केली होती. श्रीमंत देशांत निदानाचं मधलं वय १४ महिने, गरीब देशांत ३० महिने. श्रीमंत देशांत आजार डोळ्याबाहेर पसरलेली मुलं शंभरात दोनही नव्हती. सर्वांत गरीब देशांत जवळपास निम्मी होती. गाठ तीच. फरक पडतो तो मधल्या सोळा महिन्यांचा. त्याआधी, २०१८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं बालकर्करोगांविरुद्ध मोहीम जाहीर करताना सहा आजार निवडले होते आणि रेटिनोब्लास्टोमा त्यांत घेतला होता, कारण तो लवकर सापडला तर बहुतेक मुलं वाचतात.

हे सोळा महिने पालघरमध्ये कुठे जातात? काही महिने ‘मोठं झालं की तिरळेपणा जाईल’ यात जातात. काही भगताकडे जातात. काही वीटभट्टीवर. दिवाळीनंतर वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याची कुटुंबं भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडीत पथक येतं तेव्हा मूल पटावर असतं, हजर नसतं. ते सापडलं तरी वाट सोपी नाही. मोखाड्याच्या पाड्यावरून जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, तिथून पालघर, तिथून लोकल. चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाली तीही २०१३ मध्येच, एप्रिलमध्ये. त्याआधी शटल आणि पॅसेंजरच्या वेळा सांभाळाव्या लागत. परळला दर तीन-चार आठवड्यांनी केमो, मधे मधे भूल देऊन डोळ्याची तपासणी. तेवढे दिवस राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं अशा किती कुटुंबांना आसरा दिला, ते परळच्या डॉक्टरांना विचारावं. २००६ मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड केंद्रं सुरू केली, जिथे कर्करोगाच्या मुलांची कुटुंबं फुकट राहतात. राहण्याची सोय झाली की अर्ध्यावर उपचार सोडून जाणारे थांबतात.

डोळा काढायचा म्हटल्यावर निघून जाणारेही असतात. मुलगी असेल तर ‘लग्न कसं होणार’ हा प्रश्न पहिला येतो. त्या बापाला रागवून उपयोग नाही. कृत्रिम डोळा बसवलेलं, शाळेत जाणारं एखादं मूल त्याला दाखवावं लागतं.

या किनाऱ्यानं लहान मुलांकडे बारकाईनं पाहायला देशाला आधीही शिकवलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. तोंड धुताना, केस विंचरताना प्रत्येक मूल हाताखालून जायचं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०१३ च्या योजनेनं तिथंच डॉक्टर पाठवले.

त्या डॉक्टरांना या आजारासाठी करायचं असतं ते फार थोडं. खोलीची दारं-खिडक्या लोटून अंधार करायचा. मूल आईच्या मांडीवर. हातभर अंतरावरून डोळ्यात पाहायच्या यंत्राचा उजेड दोन्ही बाहुल्यांवर एकदम टाकायचा. दोन्हीकडून सारखी तांबूस चमक आली तर ठीक. एकीकडे पांढरट, किंवा दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तर त्याच आठवड्यात मुंबई. जन्मजात मोतीबिंदू शोधायला हीच तपासणी करावी लागते आणि तो यादीत आहे. म्हणजे यंत्र आहे, माणसं आहेत, भेटीही ठरलेल्या आहेत. पांढरी बाहुली दिसली की ‘मोतीबिंदू असेल, शिबिरात बघू’ असं न म्हणता कर्करोगाची शंका आधी धरायची, एवढी एक ओळ पथकाच्या तपासणी कार्डावर हवी. घरच्यांसाठीही सोपी वाट आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांनी आपल्या मुलाचे जुने फोटो तपासले, तेव्हा बाळ बारा दिवसांचं असतानाच्या फोटोतही पांढरी चमक सापडली. त्यावरून त्यांनी मोबाइलमधले फोटो तपासणारं अ‍ॅप बनवलं. बोईसरच्या चाळीतही आज बाळाचे फोटो मोबाइलवर निघतात. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोंत एक डोळा लाल आणि दुसरा वारंवार पांढरा येत असेल तर तो फोटो डॉक्टरांना दाखवायचा.

आता एक नवी पिढी पुढे आली आहे. परळला लहानपणी वाचलेली मुलं मोठी होऊन आईबाप होत आहेत. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत आजार होता, त्यांच्या प्रत्येक बाळाला तो वारशानं येण्याची शक्यता निम्मी असते. या बाळांची तपासणी पांढरी चमक दिसेपर्यंत थांबवता येत नाही. ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावी लागते. आशाताई नवजात बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. बाळाचं वजन करतात, ताप पाहतात, नाळ पाहतात. तिसऱ्या दिवसाच्या भेटीत त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: घरात कुणाचा डोळा लहानपणी काढला होता का? उत्तर हो आलं, तर त्या बाळाचा परळचा कागद त्याच दिवशी तयार व्हायला हवा.